नांदण्याचा दावा आणि न नांदण्याचा हक्क

लग्नाआधीचं समुपदेशन हे आता पुण्या-मुंबईत नवल राहिलेलं नाही. साखरपुडा झालेली जोडपी दोन-तीन बैठकांना जातात. पगार किती, कर्ज कुणाचं, आई-वडील कुठे राहणार, मूल कधी, अशा गोष्टी तिसऱ्या माणसासमोर बोलतात. घरातली वडीलधारी मंडळी यावर हमखास म्हणतात, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं, तरी संसार झालेच की." झाले, खरंच. पण नवरा-बायकोने एकमेकांशी बोलून संसार करावा ही अपेक्षा आपल्याकडे आली कुठून, याचा माग काढला तर एकोणिसाव्या शतकातल्या हायकोर्टात पोचायला होतं. तिथलं भांडण संवादाचं नव्हतंच, नकाराचं होतं.

त्याआधी एक गैरसमज दूर करायला हवा. पूर्वी लग्नं मोडतच नव्हती, हे ब्राह्मण आणि काही वरच्या जातींपुरतं खरं. बहुसंख्य मराठी समाजात काडीमोड होती, सोडचिठ्ठी होती, विधवेला किंवा सोडलेल्या बाईला पाट लावून दुसरा संसार मांडता येत होता. काही भागांत त्याला मोहतूर म्हणत. पेशवाईत अशा लग्नांवर 'पाटदाम' नावाचा करही होता, आणि कर बसतो म्हणजे प्रथा सर्रास होती हे उघड आहे. मात्र पाटाच्या बायकोला लग्नाच्या बायकोइतका मान नसे, हेही तितकंच खरं. पुढे इंग्रजी कोर्टांनी यात हात घातला. जातपंचायतीने मोडलेलं लग्न आम्ही मोडलेलं मानत नाही, अशी भूमिका मुंबई हायकोर्टाने १८७६ साली एका फौजदारी खटल्यात घेतली. काडीमोड घेऊन दुसरा पाट लावलेली बाई गुन्हेगार ठरू शकते, असा त्याचा अर्थ. त्यातच प्रतिष्ठा वाढवायची म्हणून काही जातींनी स्वतःहूनही पाट बंद केले. जिला आपण सनातन म्हणतो ती लग्नाची अभेद्यता अनेक घरांत अशी उशिराने आली.

आता रखमाबाई. जन्म १८६४, लग्न अकराव्या वर्षी, नवरा दादाजी भिकाजी. लग्नानंतर ती सासरी न जाता आईकडे आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्याकडे राहिली, शिकली. नवऱ्याने १८८४ मध्ये हायकोर्टात दावा लावला: बायको नांदायला पाठवा. तिचं म्हणणं साधं होतं. लग्न झालं तेव्हा मी अजाण होते, माझी संमती कुणी घेतली नाही, या माणसाबरोबर मला राहायचं नाही. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल तिच्या बाजूने दिला. अपील झालं, खटला परत आला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. तिने तुरुंगात जायची तयारी दाखवली.

या खटल्यातली गंमत मराठी वाचकांना फारशी सांगितली जात नाही. टिळकांच्या 'केसरी'ने आणि पुण्यातल्या सनातनी मंडळींनी धर्म बुडाला अशी ओरड केली. पण 'नांदण्याचा दावा' हा प्रकारच मुळात हिंदू धर्मशास्त्रातला नव्हता. तो इंग्लंडच्या चर्चच्या कायद्यातून इकडे आला होता, आणि खुद्द इंग्लंडमध्ये अशा दाव्यातली तुरुंगाची शिक्षा १८८४ मध्येच रद्द झाली होती. धर्म म्हणून जे वाचवायचं चाललं होतं ते इंग्रजांनी टाकून दिलेलं शस्त्र होतं. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजीने नाद सोडला. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि पुढे सुरत, राजकोटला त्यांनी आयुष्यभर काम केलं. तो दावा मात्र अजून जिवंत आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचं कलम ९ तेच सांगतं, आणि सुप्रीम कोर्टाने १९८४ मध्ये ते वैध ठरवलं.

रखमाबाईंच्या खटल्याची धग १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यापर्यंत पोचली. मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारा. एवढ्याशा बदलासाठी पुण्यात सभा उधळल्या गेल्या.

सुधारकांच्या स्वतःच्या घरांत काय चाललं होतं? न्यायमूर्ती रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. पण १८७३ मध्ये पहिली पत्नी गेल्यावर वडिलांच्या हट्टापुढे मान तुकवून त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. तिला त्यांनी पाटीवर अक्षरं गिरवायला लावली, पुढे इंग्रजीही शिकवलं, आणि घरातल्या बायकांचे टोमणे तिच्या वाट्याला आले. रमाबाईंच्या १९१० मध्ये आलेल्या आठवणींत प्रेम आहे, गुरुभक्तीही आहे, पण बरोबरी शोधावी लागते. गोपाळराव जोशींनी आनंदीबाईंना शिकवलं ते प्रसंगी मारून. नवऱ्याने बायकोला घडवायचं, हाच त्या काळचा 'आदर्श संसार' होता. माझ्या मते खरी वेगळी जोडी लक्ष्मीबाई आणि नारायण वामन टिळकांची. टिळक १८९५ मध्ये तिला न विचारता ख्रिस्ती झाले. ती मोडून पडली, वेगळी राहिली. परत आली तीही स्वतःचं सोवळं सांभाळत, आणि स्वतःला पटलं तेव्हा १९०० मध्ये तिने बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे'मध्ये ती नवऱ्याच्या विक्षिप्तपणाची यथेच्छ टिंगल करते. नवऱ्याला हसू शकणारी बायको मराठी गद्यात त्याआधी क्वचितच दिसते.

महात्मा फुल्यांनी प्रश्न थेट मांडवात आणला होता. सत्यशोधक समाज १८७३ च्या सप्टेंबरात निघाला आणि त्याच डिसेंबरात भटजीविना लग्न लागलं. फुल्यांनी रचलेल्या मंगलाष्टकांत वधू गप्प उभी राहत नाही. स्त्रियांना हक्क देशील अशी शपथ ती वराला घ्यायला लावते, आणि वर ती घेतो. अक्षता पडायच्या आधी वाटाघाट, तीही सर्वांसमोर.

हा सगळा इतिहास शिकलेल्या घरांचा झाला. गिरणगावात संसाराची रीत निराळी होती. कोकणातून, साताऱ्याहून आलेला गडी मुंबईत चाळीतल्या खोलीत दहा-पंधरा जणांबरोबर पाळीपाळीने झोपायचा, खानावळीत जेवायचा आणि महिन्याला गावी मनीऑर्डर धाडायचा. बायको गावात शेती, गुरं आणि सासू-सासरे सांभाळायची. गणपती-शिमग्याला आठ-पंधरा दिवस भेट, बाकी वर्षभर कुणाकडून तरी लिहवून घेतलेली पत्रं. 'एकत्र कुटुंबात माणसं कशी जवळ होती' असं म्हणताना ही हजारो घरं हिशेबातच धरली जात नाहीत.

मुलं किती, हा विषय उघडपणे बोलायचा मान र. धों. कर्व्यांचा. १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र, त्यापायी १९२५ मध्ये प्राध्यापकी गेली, आणि १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, 'समाजस्वास्थ्य' मासिक. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले. सतत बाळंतपणात अडकलेली बाई संसाराच्या निर्णयांत बरोबरीने कधी बसणार, हा कर्व्यांचा मुद्दा आज कुणाला धक्कादायक वाटणार नाही.

कायदे मग हळूहळू आले. बडोद्यात सयाजीरावांनी १९०४ मध्ये बालविवाहबंदी आणि १९३१ मध्ये घटस्फोट आणला. बालविवाह रोखणारा शारदा कायदा १९२९ चा. मुंबई प्रांताने १९४६ मध्ये दुसरी बायको करायला बंदी घातली आणि १९४७ मध्ये हिंदूंना घटस्फोट दिला, म्हणजे केंद्राच्या आठ वर्षं आधी. हिंदू कोड बिल रखडलं म्हणून आंबेडकरांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं, हे सर्वांना ठाऊक आहे. १९५५ च्या कायद्याने रूढीने चालत आलेली काडीमोडही मान्य केली, हे मात्र थोड्यांना. परस्पर संमतीने वेगळं होण्याची सोय १९७६ मध्ये झाली. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच लग्नाची नोंद सक्तीची आणि वेगळा करार केला नसेल तर मालमत्तेत पती-पत्नींची निम्मी भागी. मालमत्तेतली ही निम्मी भागी महाराष्ट्राला अजून जमलेली नाही.

समुपदेशक या चित्रात आले ते १९८० नंतर, आणि तेही हुंडाबळींच्या बातम्यांनी रस्त्यावर उतरलेल्या स्त्री-संघटनांमुळे. १९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत ४९८-अ हे विवाहितेच्या सासरच्या छळाला शिक्षा देणारं कलम आलं. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला-बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. तक्रार घेऊन आलेल्या बाईशी आधी समाजकार्यकर्ती बोलायची. त्याच वर्षी कौटुंबिक न्यायालयांचा कायदा झाला आणि १९८९ मध्ये पुण्या-मुंबईत ती उघडली. इथे वकील हक्काने उभा राहू शकत नाही आणि समुपदेशक कायद्यानेच नेमलेले असतात.

तिथल्या अनुभवाचा उपयोग लग्नाआधीच करावा, हे पुढचं पाऊल. त्यामुळे आजच्या बैठकांतले विषय कोर्टात येणाऱ्या तंट्यांतूनच उचललेले दिसतात: पैसा, सासर-माहेर, घरकाम, मूल. अडचण अशी की बहुतेक ठिकाणी हॉल ठरल्यावर, पत्रिका छापायला गेल्यावर या बैठका होतात, तेव्हा 'नको' म्हणायला जागा उरलेली नसते. अर्थ ठेवायचा असेल तर समुपदेशन साखरपुड्याच्या आधी हवं, आणि मुलीचा नकार ऐकून घ्यायची तयारी दोन्ही घरांची हवी. ती अजून बऱ्याच घरांत नाही.