न दुखणारी अक्कलदाढ काढायची का? एका वादाची पार्श्वभूमी

अक्कलदाढ ठणकायला लागली, गाल सुजला, तोंड उघडेना झालं की निर्णय आपोआप होतो. पंचाईत होते ती वेगळ्याच कारणासाठी काढलेल्या ओपीजीत (अख्ख्या जबड्याच्या एक्स-रेत) दाढ आडवी पडलेली दिसते आणि दुखत मात्र काहीच नाही, तेव्हा. एक डेन्टिस्ट सांगतो, आत्ताच काढून टाका, नंतर त्रास देईल. दुसरा म्हणतो, गप्प बसलीय तर कशाला छेडायची? या मतभेदाला बराच मोठा इतिहास आहे.

दुखणं तसं जुनंच. शेवटच्या दाढा विशीच्या सुमारास येतात, पण ऐंशी ओलांडलेल्या बायकांनाही त्या ऐन म्हातारपणी, प्रचंड वेदना देत आल्याची उदाहरणं आहेत, असं ॲरिस्टॉटलने नोंदवलं आहे. सुश्रुतसंहितेत ‘अधिमांस’ नावाचा विकार येतो: जबड्याच्या शेवटच्या दातापाशी मोठी सूज, तीव्र वेदना आणि लाळ गळणं. उपाय म्हणजे वाढलेलं मांस कापायचं आणि वेखंड वगैरेंचं चूर्ण मधातून लावायचं. अर्धवट उगवलेल्या दाढेवर हिरडीची झापड राहते, तिच्याखाली अन्न अडकून जंतुसंसर्ग होतो, त्याचंच हे वर्णन वाटतं. ती झापड कापण्याची छोटी शस्त्रक्रिया आजही होते. मधाच्या जागी अँटिबायोटिक आलं, इतकंच.

मात्र न दुखणारी दाढ काढण्याचा विचार त्या काळी कुणाच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. ती दिसतच नव्हती, आणि भुलीशिवाय जबड्याचं हाड कोरून घ्यायला कोण तयार होणार? हे बदललं ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉलस्टेड या सर्जननी १८८४ च्या सुमारास कोकेन टोचून खालच्या जबड्याची नस बधिर करून दाखवली (त्या प्रयोगांपायी ते स्वतः कोकेनच्या आहारी गेले). १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला. १९२६ मध्ये जॉर्ज विंटर यांनी अडकलेल्या दाढांची उभी, तिरकी, आडवी अशी वर्गवारी मांडली. दंतवैद्यकाचे विद्यार्थी ती अजून पाठ करतात. पुढे पेनिसिलिन आलं, १९४८ मध्ये लिडोकेन हे बधिर करणारं औषध बाजारात आलं, आणि फिनलंडच्या पातेरो यांच्या कामामुळे अख्खा जबडा एकाच फिल्मवर दिसू लागला. पेशंटला पत्ता नसलेली दाढ डॉक्टरला दिसू लागली, आणि दिसली की काढावीशी वाटू लागली.

अमेरिकेत ही जवळजवळ रीतच पडली. कॉलेजच्या वयातली मुलं सुट्टीत चारही दाढा एकदम काढून घेऊ लागली, खर्चाचा बराचसा भार विमा उचलू लागला. १९७९ मध्ये तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञांची परिषद घेतली. रोग असेल तर दाढ काढावी यावर एकमत झालं, निरोगी दाढेबाबत झालं नाही. रीत चालूच राहिली. २००७ मध्ये जे फ्रीडमन या दंतवैद्याने हिशेब मांडला: वर्षाला सुमारे ५० लाख लोकांच्या १ कोटी अक्कलदाढा, ३ अब्ज डॉलरहून अधिक खर्च, आणि यातल्या निदान दोन तृतीयांश दाढा काढायची गरजच नव्हती. मुखशल्यचिकित्सकांच्या संघटनेला हे अजिबात पटलं नाही.

समर्थनासाठी एक कारण हमखास पुढे यायचं: अक्कलदाढ मागून रेटते आणि समोरचे दात वाकडे होतात. ऐकायला पटण्यासारखं आहे, आणि आपल्याकडेही सर्रास सांगितलं जातं. पण १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत सरासरी साडेपाच वर्षांनंतर दाढ काढलेल्या आणि ठेवलेल्या मुलांच्या पुढच्या दातांच्या गर्दीत सांगण्यासारखा फरक आढळला नाही. केवळ या कारणासाठी दाढ काढणं मला तरी पटत नाही.

ब्रिटनमध्ये खर्च सरकारी आरोग्यसेवेच्या माथी, त्यामुळे प्रश्न वेगळ्या बाजूने विचारला गेला. त्या सेवेत कोणते उपचार द्यावेत हे सुचवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने २००० मध्ये नियम घातला: निरोगी अक्कलदाढ काढायची नाही. न भरता येण्याजोगी कीड, गळू, सिस्ट (द्रव भरलेली पिशवी) यांसारखा आजार हवा. हिरडीची सूज पहिल्यांदाच आली असेल आणि फार तीव्र नसेल, तर तेवढ्यावर काढायची नाही. ऑपरेशनं कमी झाली. पण काही वर्षांनी एक वेगळीच तक्रार येऊ लागली. तिरकी दाढ पुढच्या दाढेच्या मानेला डोकं टेकून बसते. त्या सांदीत अन्न साचतं आणि ब्रश पोचत नाही. दुखायला लागतं तोवर फिल्मवर किडीचा काळा डाग उमटलेला असतो, तो अक्कलदाढेवर नाही, शेजारच्या चांगल्या दाढेच्या मागच्या अंगाला. तिथे फिलिंग करणं महाकठीण, कधी दोन्ही दाढा गमवाव्या लागतात. दहा वर्षांत ऑपरेशनला येणाऱ्यांचं सरासरी वय पंचविशीवरून बत्तिशीच्या आसपास गेलं. वय वाढेल तसं हाड कडक होतं, मुळं पूर्ण वाढून नसेजवळ गेलेली असतात, जखम भरायलाही वेळ लागतो. म्हणजे ऑपरेशन टळलं नव्हतं, बऱ्याच जणांचं नुसतं लांबलं होतं.

वैद्यकीय अभ्यासांची एकत्र छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात निकषांत बसणारे अभ्यास निघाले फक्त दोन. त्यांतला एक वर सांगितलेला ब्रिटिश. दुसऱ्यात दाढ ठेवलेल्या पुरुषांच्या शेजारच्या दाढेची हिरडी जास्त बिघडलेली दिसली. ठाम निष्कर्ष निघाला नाही. त्याच वर्षी इंग्लंडच्या रॉयल कॉलेज या सर्जनांच्या संस्थेच्या दंतशल्य विभागाने मार्गदर्शन काढलं ते सरसकट बंदीपासून दूर सरकणारं: दाढ कशी पडलीय, पेशंटचं वय काय, पुढे बिघडण्याची शक्यता किती, हे बघून पेशंटशी बोलून ठरवा.

आपल्याकडे दातांचा खर्च बहुतेक खिशातूनच होतो, म्हणून दाढ सहसा दुखल्यावरच निघते. अपवाद अमेरिकेला शिकायला निघालेल्या मुलांचा. तिथली बिलं ऐकून कित्येक आई-वडील व्हिसाच्या धावपळीतच पुण्या-मुंबईत ते काम उरकून घेतात.

खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस मुळांना अगदी चिकटून असेल, तर आता तिसरा मार्गही निघाला आहे: दाढेचा फक्त माथा कापून काढायचा आणि मुळं हाडात तशीच ठेवायची. पुढे ती मुळं कधीकधी वर सरकतात आणि पुन्हा ऑपरेशनची वेळ येते, पण तोवर ती नसेपासून बरीच लांब आलेली असतात.