विहिरीतलं पाणी आणि विहिरीचा झरा: अमेरिकेतला ‘चांगला’ स्कूल डिस्ट्रिक्ट ओळखताना होणारा घोटाळा

वसंत ऋतू लागला की शिकागोच्या पश्चिम उपनगरांत घर शोधणारी मराठी जोडपी मला एकच प्रश्न विचारतात, “ताई, कुठला डिस्ट्रिक्ट चांगला?” मी रविवारच्या मराठी शाळेत शिकवते, त्यामुळे मला माहीत असेल असं त्यांना वाटतं. पण मी तोंड उघडायच्या आत फोन पुढे येतो. घरांच्या संकेतस्थळावर एका शाळेपुढे ९ लिहिलेलं असतं, दुसरीपुढे ६. “मग नऊवालीच ना?” आणि त्या तीन गुणांच्या फरकासाठी माणसं घराच्या कर्जात आणखी दहा वर्षं अडकायला तयार होतात. हा घोटाळा मी इतक्या वेळा पाहिला आहे, की एकदा तो सविस्तर लिहूनच काढते.

किरकोळ गोष्टी आधी उरकते. स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे आपला जिल्हा नव्हे. तो फक्त शाळा चालवणारा स्वतंत्र कारभार असतो. त्याचं स्वतःचं मंडळ असतं आणि घरपट्टीत स्वतःचा वाटा असतो. गावाची हद्द आणि डिस्ट्रिक्टची हद्द जुळत नाही. नेपरव्हिल या उपनगरात घर घेतलं म्हणजे २०३ क्रमांकाच्या डिस्ट्रिक्टमध्येच आलात असं नाही, २०४ सुद्धा तिथेच आहे. हिन्सडेलसारख्या ठिकाणी आठवीपर्यंत एक डिस्ट्रिक्ट आणि हायस्कूलला दुसरा. पब्लिक स्कूल म्हणजे सरकारी, फी नसलेली शाळा. हायस्कूलचं ग्रॅज्युएशन म्हणजे बारावी. घर घेण्याआधी पत्ता टाकून डिस्ट्रिक्ट तपासा, एजंटच्या तोंडी शब्दावर राहू नका. एवढं पुरे.

आता खरा मुद्दा. शाळेबद्दलचे दोन आकडे लोक एकच समजतात. एक आहे पातळी: मुलं आज कुठे आहेत. दुसरी आहे वाढ: ही मुलं या शाळेत आल्यापासून किती पुढे गेली. तुम्ही शाळा निवडताय, म्हणजे तुम्हाला दुसरा आकडा हवा असतो. फोनवर मात्र मुख्यतः पहिला दिसतो.

गावाकडे विहीर बघायला गेलेला शेतकरी नुसतं आत डोकावून पाणी किती आहे ते बघत नाही. ते पाणी परवाच्या पावसाचं असू शकतं, कुणी टँकर ओतलेला असू शकतो. उपसा केल्यावर पाणी किती वेळात पुन्हा चढतं, हे तो विचारतो. झरा किती आहे, हे त्याला कळायला हवं असतं.

शाळेतलं पाणी कुठून येतं ते बघा. इलिनॉयमध्ये, म्हणजे शिकागो ज्या राज्यात आहे तिथे, राज्याची पहिली परीक्षा तिसरीत होते. त्या दिवशी पेपर सोडवणारं मूल आठ-नऊ वर्षांचं असतं. त्याच्या गुणांत आईबापांचं शिक्षण आहे, घरातली पुस्तकं आहेत, बालवाडीची फी भरण्याची ऐपत आहे आणि आपल्या घरांपुरतं बोलायचं तर शनिवार सकाळची कुमॉनची शिकवणीही आहे. शाळेचा हात त्यात आहे, पण तो इतर अनेक हातांपैकी एक. म्हणूनच अमेरिकेत कुठल्याही राज्यातल्या डिस्ट्रिक्टची सरासरी पातळी आणि तिथल्या घरांची कमाई या दोन गोष्टी हातात हात घालून चालतात. नऊवाली शाळा बघून तुम्ही बऱ्याच अंशी शेजाऱ्यांचे पगार बघत असता.

स्टॅनफर्ड विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ शॉन रिअर्डन यांनी देशभरातल्या ११ हजारांहून अधिक डिस्ट्रिक्टांचे तिसरी ते आठवीचे निकाल एकाच मापावर आणून ठेवले आहेत. त्यातून दिसतं ते असं: तिसरीतल्या पातळीचा कौटुंबिक सुबत्तेशी घट्ट संबंध आहे, पण तिसरी ते आठवी या काळातल्या वाढीचा तितका नाही. श्रीमंत डिस्ट्रिक्टांत झरा बेताचा असलेले आहेत आणि गरीब डिस्ट्रिक्टांत जोरकस झरा असलेलेही आहेत. त्यातलं सगळ्यांना चकित करणारं नाव म्हणजे आमच्या शेजारचं शिकागो. तीन लाखांहून जास्त विद्यार्थी, त्यांतली बहुसंख्य मुलं लॅटिनो आणि कृष्णवर्णीय, बहुसंख्य गरीब घरांतली. तिथली मुलं तिसरीत देशाच्या सरासरीच्या बरीच मागे होती. पण २००९ ते २०१४ या पाच वर्षांत त्यांनी सुमारे सहा इयत्तांइतकी मजल मारली. देशातल्या मोठ्या डिस्ट्रिक्टांत हा वेग सगळ्यात वरचा होता. २०१७ च्या शेवटी हा निष्कर्ष आला तेव्हा उपनगरांतल्या कित्येकांनी “शक्यच नाही” म्हणून तो झटकला. त्यांच्या डोळ्यांपुढे पातळी होती. शिकागोची पातळी तेव्हाही कमीच होती आणि शिक्षक त्याच वेळी उत्तम काम करत होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

वाढ मोजतात कशी, इथे मराठी वाचकाला सोपं जायला हवं, पण नेमकं इथेच तो ठेचकाळतो. सीईटीमुळे पर्सेंटाइल म्हणजे काय हे आपल्याला पाठ आहे: शंभरातल्या किती जणांच्या पुढे आहात. वाढीचं पर्सेंटाइलही तसंच, फक्त स्पर्धक वेगळे. सीईटीत तुम्ही सगळ्यांशी भिडता. इथे मुलाची तुलना होते ती राज्यातल्या अशा मुलांशी, ज्यांना गेल्या परीक्षेत साधारण त्याच्याइतकेच गुण होते. त्यांच्यापैकी किती जणांना त्याने यंदा मागे टाकलं? शंभरातल्या ७० जणांना टाकलं तर वाढ ७०. मूल वर्गात शेवटून तिसरं असलं तरी वाढ ८५ असू शकते. वर्गात पहिलं असलं तरी ३० असू शकते. शाळेतल्या मुलांच्या या आकड्यांची सरासरी म्हणजे शाळेची वाढ.

एका बाबांनी मला कळवळून सांगितलं होतं, “अहो, त्या शाळेला फक्त बावन्न टक्के!” ते टक्के नव्हतेच. ५० म्हणजे राज्याचा मधला बिंदू. शाळेची सरासरी असल्यामुळे हे आकडे मधल्या बिंदूभोवतीच गोळा होतात. ५८-६० म्हणजे दमदार काम आणि ४२ म्हणजे काळजीची बाब. दहावीच्या मार्कलिस्टची नजर इथे चालत नाही. कृपा करून ५२ ला पस्तीसवर पास असल्यासारखं वाचू नका.

पातळीच्या आकड्याची आणखी एक खोड आहे. ‘प्रोफिशियंट’ मुलांची टक्केवारी म्हणजे ठरावीक रेषेवर किती मुलं आहेत एवढंच. रेषा सरकवली की टक्केवारी सरकते. इलिनॉयने २०२५ मध्ये इंग्रजी आणि गणिताच्या रेषा खाली आणल्या आणि प्रोफिशियंट मुलांचं प्रमाण एकदम चढलं. तेवढ्यावर मुलं जास्त शिकली असं म्हणता येत नाही. आणि रेषेवरच सगळा भर असला की रेषेजवळच्या मुलांकडे लक्ष जातं. २००२ मध्ये शाळांना या टक्केवारीचा जाब विचारणारा ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायदा आला, त्यानंतरच्या शिकागोतल्या पाचवीच्या मुलांचा अभ्यास अर्थतज्ज्ञ डेरेक नील आणि डायान शान्झेनबाख यांनी केला. मधल्या मुलांचे गुण वाढले होते, तळातल्यांचे नाही. मला या गोष्टीचा मनापासून राग येतो. कारण तळातलं मूलसुद्धा कुणाचं तरी आहे, आणि परदेशातून मध्येच आलेलं, इंग्रजी न येणारं मूल म्हणजे कधीकधी आपलंच असतं.

मग विद्यार्थ्यांच्या रचनेचे तक्ते. कृष्णवर्णीय किती, लॅटिनो किती, एशियन किती, लो इन्कम किती. आपले लोक ‘एशियन’च्या रकान्यावरून बोट फिरवतात आणि समाधान पावतात. त्या तक्त्याचा खरा उपयोग वेगळा आहे. दोन शाळा मनाने रचू या. पहिल्या शाळेत सुस्थितीतल्या मुलांना सरासरी ८० गुण, गरीब मुलांना ६०. दुसरीत सुस्थितीतल्यांना ८२, गरिबांना ६५. म्हणजे कुठल्याही घरचं मूल असो, दुसऱ्या शाळेत ते बरं करतंय. आता पहिलीत ९० टक्के मुलं सुस्थितीतली आहेत आणि दुसरीत फक्त २० टक्के. सरासरी काढा: पहिली ७८, दुसरी ६८.४. फलकावर पहिली शाळा जवळजवळ दहा गुणांनी पुढे. तुम्ही सुस्थितीतले असाल तर तुमच्या मुलासाठी प्रश्न आहे ८० की ८२. पण निर्णय होतो तो ७८ की ६८ यावर.

म्हणून एकूण सरासरीवर थांबू नका, गटांचे रकाने उघडा. केंद्राच्या कायद्यामुळे हे आकडे गटवार द्यावेच लागतात आणि ‘इलिनॉय रिपोर्ट कार्ड’ या राज्याच्या संकेतस्थळावर ते कुणालाही बघता येतात. मोफत जेवणाच्या आकड्यावरून मात्र गरिबी मोजू नका. शिकागोत २०१४ पासून सगळ्याच मुलांना जेवण मोफत आहे, कारण तिथे प्रत्येक घराचा अर्ज न घेता सरसकट जेवण देण्याची केंद्राची योजना लागू आहे.

वाढीचा आकडाही डोळे मिटून घेण्यासारखा नाही. लहान शाळेत तो एका वर्षात बराच हलतो, म्हणून निदान तीन वर्षांचे आकडे एकत्र बघा. तो चौथीपासून पुढेच मिळतो, कारण तुलनेला आधीची परीक्षा लागते. त्यामुळे बालवाडी ते दुसरीच्या शाळेबद्दल तो मुका आहे. आणि तो फक्त इंग्रजी आणि गणिताचा आहे. संगीत, खेळ, मूल शाळेत आनंदाने जातं का, यातलं काहीच त्यात नाही. तरीसुद्धा दोन्हींतला एकच आकडा बघायची मुभा असेल, तर मी वाढ बघेन. राज्यानेही २०१८ पासून शाळांना शेरे देताना आठवीपर्यंतच्या शाळांसाठी निम्मं वजन वाढीला दिलं. घरांच्या संकेतस्थळांवर दिसणारे आकडे देणाऱ्या ग्रेटस्कूल्स या संस्थेनेही २०२० मध्ये सूत्र बदलून वाढीला पूर्वीपेक्षा जास्त जागा दिली. पण त्या एका गोलातल्या आकड्यात सगळं कालवलेलं असतं. तो गोल दाबा आणि आतले वेगवेगळे आकडे वाचा.

हायस्कूलला आलं की हाच घोटाळा वेश बदलून येतो. “आमच्या हायस्कूलची ९६ टक्के मुलं ग्रॅज्युएट होतात.” छान. पण आठवीतून येतानाच ती कशी आली होती? शिकागोत २०११ मध्ये पाच वर्षांच्या आत हायस्कूल पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण ५७ टक्क्यांच्या आसपास होतं. पुढच्या दशकात ते ८० च्या वर गेलं. त्यामागे एक साधी गोष्ट होती. शिकागो विद्यापीठातल्या एलेन ऑलन्सवर्थ आणि जॉन ईस्टन यांनी २००५ मध्ये दाखवलं की नववीच्या शेवटी ज्या मुलाकडे वर्षभराचे पाच क्रेडिट (म्हणजे वर्षभराचे पाच विषय पास झाल्याची नोंद) आहेत आणि मुख्य विषयात एकाहून जास्त सत्रांत एफ, म्हणजे नापासाचा शेरा, नाही, ते मूल वेळेत हायस्कूल संपवण्याची शक्यता इतरांच्या साडेतीन पट असते. आठवीच्या गुणांपेक्षाही नववीचं हे वर्ष जास्त सांगून जातं. मग शाळांनी सत्र संपायची वाट न बघता घसरणारं मूल मध्येच गाठायला सुरुवात केली. ९६ टक्क्यांच्या हायस्कूलला हे करता येतं का, हे त्या ९६ वरून कळत नाही. नववीत घसरलेल्या मुलाचं तुमच्याकडे काय होतं, असं समुपदेशकाला सरळ विचारा. उत्तर तयार असेल तर लगेच मिळेल.

आणि शेवटी कॉलेज. “अमुक टक्के मुलं कॉलेजला गेली” या वाक्यात दोन वर्षांचं कम्युनिटी कॉलेज आणि चार वर्षांचं विद्यापीठ दोन्ही आहेत. कम्युनिटी कॉलेजला नाक मुरडण्याची आपल्यातली सवय मला मुळीच पटत नाही. शिकागोच्या सरकारी हायस्कूलांतून किमान तीन जीपीए (ग्रेडची सरासरी) घेऊन निघालेल्यांना २०१५ पासून सिटी कॉलेजांत, म्हणजे शहराच्या कम्युनिटी कॉलेजांत, शिक्षण मोफत आहे. तिथून विद्यापीठात जाण्याचा रस्ता खुला आहे आणि डोक्यावर कर्जही नसतं. शिकागोने तर २०२० च्या वर्गापासून नोकरी, लष्कर, कामाचं प्रशिक्षण किंवा कॉलेज यांपैकी कुठली तरी पुढची योजना दाखवल्याशिवाय हायस्कूल पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र न देण्याचा नियम केला.

गेले किती, हा आकडा पुन्हा पातळीचाच. रिपोर्ट कार्डवर त्याच्या जवळच आणखी एक आकडा असतो: कम्युनिटी कॉलेजात गेलेल्यांपैकी किती जणांना आधी शाळेच्याच दर्जाचं गणित किंवा इंग्रजी पुन्हा शिकावं लागलं. तिथे मुलं भरतात तो पैसा कॉलेजचा असतो आणि मिळणारा अभ्यास शाळेत राहून गेलेला. नेहमीच्या ‘चांगल्या’ डिस्ट्रिक्टांचाही हा आकडा उघडून बघा. गेल्या महिन्यात एका जोडप्याबरोबर मी तो बघत बसले होते. त्यांच्या यादीतल्या नऊच्या आणि सहाच्या शाळांतली मुलं ज्या दोन हायस्कूलांत जातात, त्यांचे हे आकडे जवळजवळ सारखे निघाले. त्यांनी घर अजून घेतलेलं नाही. येत्या आठवड्यात ते सहावाल्या शाळेत जाऊन वर्ग बघणार आहेत.