गेमची की, हरवलेलं अकाउंट आणि रिफंड: अर्ज नेमका कुठे अडकतो

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. गेमचे पैसे भरल्यावर आपल्याला मिळतं ते लायसन्स, आणि ते एका अकाउंटला बांधलेलं असतं. स्टीम, म्हणजे व्हॉल्व्ह कंपनीचं गेम विकणारं ऑनलाइन दुकान, त्याच्या करारात हे लिहिलेलंच आहे, कोणी वाचत नाही ती गोष्ट वेगळी. कॅलिफोर्नियात तर २०२५ पासून कायदाच झालाय की ऑनलाइन दुकानाने हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायचं. त्यामुळे सपोर्टवाल्यांना "अहो पैसे मी भरलेत" असं कितीही कळवळून लिहिलं तरी ते बघणार अकाउंट आणि पुरावा.

अर्ज कोणाकडे करायचा इथेच निम्मे लोक चुकतात. पैसे, रिफंड, की (गेम अकाउंटवर चढवायचा कोड), लॉगिन हे सगळं दुकानाचं काम. गेम क्रॅश होतोय, सेव्ह उडाली, गेमच्या आतली खरेदी खात्यात आली नाही, हे डेव्हलपरचं. डेव्हलपरकडे रिफंड मागितला तर तो दुकानाकडे पाठवतो, दुकानाकडे क्रॅशची तक्रार केली तर ते डेव्हलपरकडे पाठवतात, आणि या टोलवाटोलवीत रिफंडची मुदत निघून जाते. व्हॅक बॅन, म्हणजे चीटिंग पकडून स्टीमने घातलेली बंदी, लागला असेल तर मात्र वेळ घालवू नका, तो उठवायचा अधिकार सपोर्टला नाही असं व्हॉल्व्हनेच सांगून ठेवलंय.

की रजिस्टर करणं सोपं आहे, स्टीममध्ये 'अ‍ॅक्टिव्हेट प्रॉडक्ट' मध्ये टाकायची, झालं. होत नसेल तर आधी शून्य आणि ओ, आठ आणि बी नीट बघा. चिडून परत परत टाकत बसलात तर स्टीम काही वेळ प्रयत्नच बंद करतं, मग थांबण्याशिवाय इलाज नाही. "की आधीच वापरलेली आहे" असं आलं तर पहिलं तुमचंच जुनं अकाउंट तपासा, भावाचं बघा, घरात आणखी कोण खेळतं त्याचं बघा. गेमचा जुना बॉक्स कोणाकडून घेतला असेल तर ती की त्याच्या अकाउंटला गेलेली, ती सुटत नाही. आणि बाहेरच्या साइटवर स्वस्तात घेतलेल्या कीचा रिफंड स्टीम देत नाही, तो जिथे घेतली तिथेच मागायचा.

आता खरी अडचण, कागदपत्रं. अकाउंट चोरीला गेलं, ईमेलही बदलला गेला, तर मालकीचा पुरावा लागतो: त्या अकाउंटवर वापरलेल्या कार्डाचा किंवा पेमेंटचा तपशील, सुरुवातीचा ईमेल, नाहीतर त्यात टाकलेली बॉक्समधली की. लोक काय पाठवतात? प्रोफाइलचा स्क्रीनशॉट. तो कोणीही काढू शकतो हो! बॉक्समधल्या कीचा फोटो द्यायचा असेल तर तिच्या शेजारी तिकिटाचा, म्हणजे सपोर्टकडे नोंदवलेल्या अर्जाचा, नंबर पेनाने लिहून मग फोटो काढायचा, म्हणजे की आत्ता तुमच्या हातात आहे हे दिसतं. नंबर न लिहिता किंवा कॉम्प्युटरवर टाइप करून चिकटवला की अर्ज परत. आणि जो कागद जवळजवळ कोणाकडेच नसतो तो म्हणजे स्टीम गार्डचा (लॉगिनच्या जादा सुरक्षेचा) रिकव्हरी कोड, R ने सुरू होणारा, मोबाइल ऑथेंटिकेटर (फोनवर लॉगिन कोड देणारी सोय) लावताना दाखवतात आणि सगळे 'पुढे' दाबून मोकळे होतात. तो आजच बघून कागदावर लिहून ठेवा, त्याच फोनमध्ये फोटो काढून ठेवून उपयोग काय, फोन हरवल्यावरच तर तो लागणार.

रिफंडची मुदत तर हमखास चुकीची वाचली जाते. स्टीम आणि एपिक (हेही गेमचं ऑनलाइन दुकानच) दोन्हीकडे १४ दिवस आणि २ तासांपेक्षा कमी खेळणं, दोन्ही अटी एकदमच पाळायच्या, यातली एक चालते असं नाही. गेम चालू ठेवून जेवायला गेलात तरी घड्याळ चालूच असतं, काही गेमचा वेगळा लाँचर (गेम सुरू करून देणारा प्रोग्रॅम) उघडून आतल्या आत डाउनलोड होतं तोही वेळ खेळण्यातच धरला जातो. प्री-ऑर्डर रिलीजपर्यंत कधीही परत करता येते आणि १४ दिवस रिलीजपासून मोजतात, पण स्टीमवर अ‍ॅडव्हान्स्ड अ‍ॅक्सेसमध्ये (रिलीजच्या आधीच खेळायला मिळतं ती सोय) आधी खेळलेले तास एप्रिल २०२४ पासून त्या दोन तासांतच धरतात, हे कळतं तोवर उशीर झालेला असतो. मुदत उलटली तरी अर्ज करा, स्टीम विचार करतं, फक्त मिळेलच असं धरून चालू नका. जीओजी या आणखी एका दुकानाकडे ३० दिवस आहेत, गेम उघडला असला तरी.

डेव्हलपरला लिहिताना "गेम चालत नाही, काहीतरी करा" एवढंच नको. गेमचं व्हर्जन, काय करताना अडकलं, एररचे जसेच्या तसे शब्द, विंडोज असेल तर डीएक्सडायगचा (कॉम्प्युटरची माहिती दाखवणारं विंडोजमधलंच साधन) रिपोर्ट. छोट्या टीममध्ये कोडिंग करणाराच उत्तर देत असतो, त्याला हे मिळालं तर तो खरंच धावतो, शिव्या मिळाल्या तर कोण धावेल?

सर्व्हरच बंद झाला असेल तर अर्जाने काही होत नाही. यूबीसॉफ्ट कंपनीचा द क्रू हा गेम ३१ मार्च २०२४ ला बंद झाला, नंतर कंपनीने लोकांच्या लायब्ररीतलं लायसन्सही काढून घेतलं. याला नियमात बसवणाऱ्यांची कमालच म्हणायची.

तिकीट टाकलं की त्याच तिकिटात उत्तरं द्या, रोज नवीन टाकू नका. आणि उत्तर येत नाही म्हणून रागाने बँकेत पेमेंटची तक्रार तर अजिबात करू नका, पैसे परत येतील न येतील, तक्रार मिटेपर्यंत अकाउंटच अडकवून ठेवतात, आणि मग एका गेमसाठी सगळं अकाउंट टांगणीला लागतं.