कॅलिगरी (मूक चित्रपट)

जर्मन मूक चित्रपट; मानसशास्त्रीय थरारपटाच्या आरंभीच्या नमुन्यांपैकी एक. पूर्ण नाव ‘डॉ. कॅलिगरीचे कॅबिनेट’. दिग्दर्शन रॉबर्ट वीने, पटकथा हान्स यानोविट्स व कार्ल मायर, निर्मिती डेक्ला कंपनी. पहिला जाहीर खेळ बर्लिनमध्ये २६ फेब्रुवारी १९२० रोजी झाला.

कथानक असे. जत्रेतला संमोहनकार कॅलिगरी, त्याच्या पेटीत निजलेला आणि त्याच्या हुकमाने झोपेत चालणारा चेझारे, रात्रीचे खून. तरुण फ्रान्सिस माग काढत वेड्यांच्या इस्पितळात पोहोचतो, तर तिथला प्रमुख डॉक्टरच कॅलिगरी निघतो. शेवटी कळते की हे सांगणारा फ्रान्सिस स्वतःच त्या इस्पितळातला रुग्ण आहे.

चौकटीचा वाद : निवेदक वेडा ठरवणारी ही बाहेरची चौकट (मुख्य कथेच्या आधी व शेवटी येणारे प्रसंग) कोणाची, यावर बरेच लिहिले गेले आहे. यानोविट्सच्या म्हणण्यानुसार मूळ पटकथा सत्तेविरुद्ध होती आणि चौकट लेखकांच्या मनाविरुद्ध घातली गेली. चित्रपट-समीक्षक झिगफ्रीड क्राकाउअर याने १९४७ च्या ग्रंथात हेच मत उचलले. सत्तेला वेडी ठरवणारी कथा चौकटीमुळे सत्तेची पाठराखण करू लागली, असा त्याचा निष्कर्ष. दिग्दर्शनासाठी आधी विचारणा झालेला फ्रिट्स लांग मात्र चौकटीची कल्पना आपली असल्याचे सांगत असे. पुढे कॅलिगरीची भूमिका करणाऱ्या व्हेर्नर क्राउसजवळची पटकथेची प्रत अभ्यासकांच्या हाती आली. तिच्यातही चौकट आहे, पण वेगळी : विवाहित, सुस्थित फ्रान्सिस स्नेह्यांना जुनी आठवण सांगतो. त्यामुळे ‘चौकट नव्हतीच’ हा दावा टिकत नाही; निवेदकाला रुग्ण करण्याचा बदल नंतरचा, एवढेच म्हणता येते.

क्राकाउअरच्या निष्कर्षाची खरी अडचण पडद्यावरच दिसते. निवेदक वेडा असेल, तर त्याच्या हकीकतीतली, मुद्दाम वाकडी-तिरकी रंगवलेली घरे चौकटीत सरळ व्हायला हवीत. तसे होत नाही. इस्पितळाचे अंगण, जमिनीवर किरणांसारख्या पसरलेल्या रेषांसह, दोन्हीकडे तेच आहे. हकीकतीत डॉक्टरला बंधनाचा अंगरखा चढवून ज्या कोठडीत टाकतात, तिथेच अखेरीस फ्रान्सिसला नेतात. मग डॉक्टर म्हणतो, आता याला बरे कसे करायचे ते मला कळले. आणि दृश्य त्याच्या चेहऱ्यावर मिटते. प्रेक्षकाला उभे राहायला शहाणी जागा उरत नाही.

नेपथ्य : हेर्मान वार्म, वाल्टर रायमान व वाल्टर र्‍योरिग. जागा बर्लिनच्या वाइसेनझे भागातला लहानसा स्टुडिओ. नेपथ्य रुंदी-खोलीला सुमारे ६ मीटरांच्या आतच बसवावे लागे, असे सांगतात. झाडीपट्टीच्या नाटकात रंगवलेल्या पडद्यावर अरण्य उभे राहते, तसे इथे कापडावर गाव उभे राहते. फरक असा की इथे सावल्या आणि उजेडाचे पट्टेही रंगवलेले आहेत. विजेच्या टंचाईमुळे असे केले, ही हकीकत वारंवार छापली जाते. ती जपूनच घ्यावी. रंगवलेली सावली एकाच बाजूने पटते, म्हणून कॅमेरा बहुधा जागचा हलत नाही. फ्रान्सिसचा मित्र अॅलन याच्या खुनाला मात्र भिंतीवर पडलेली खरीखुरी सावली वापरली आहे. क्राउस आणि कॉनराट फाइट (चेझारे) यांचा अभिनय नेपथ्याच्या रेषा पकडतो. इतर नट त्यापुढे साधे वाटतात. डॉक्टर भिंतीलगत झोकांड्या खात जातो तेव्हा ‘तुला कॅलिगरी व्हायलाच हवे’ ही अक्षरे हवेत, झाडांवर उमटत राहतात. झपाटलेपण दाखवण्याची इतकी थेट युक्ती तोवर विरळाच.

इस्पितळाची प्रतिमा : कुलपाची किल्ली ज्याच्या हाती, तोच शहाणा ठरवणार, हे भय नागपूरकराला परके नाही. छिंदवाडा मार्गावरचे प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ सालचे; जवळच्या चौकाला लोक अजून ‘पागलखाना चौक’च म्हणतात. चित्रपट बनला तेव्हा इथे १९१२ चा ल्युनसी (वेडेपणाविषयीचा) कायदा लागू होता : नातेवाइकाचा अर्ज, दोन वैद्यकीय दाखले आणि दंडाधिकाऱ्याचा आदेश झाला की माणूस आत. रुग्णाचे म्हणणे आधी लिहून ठेवण्याची सोय आणि पुनर्विलोकन मंडळाकडे दाद २०१७ च्या कायद्याने आली. साखळीने बांधण्यासही त्याच कायद्याने मनाई केली. चित्रपटातला डॉक्टर यांतल्या कशालाच बांधील नाही. खुनी वेडा आणि त्याहून वेडा वैद्य, या दोन्ही ठशांचे मूळ बरेचसे या चित्रपटात सापडते. प्रत्यक्षातल्या रुग्णांना त्याचा उपद्रवच झाला.

प्रदर्शन : सेकंदाला १८ चित्रांच्या गतीने ७५ मिनिटे चालणारी प्रत २४ च्या गतीने लावली, तर ५६ मिनिटांत संपते आणि भिंतीला चिकटून सरकणारा चेझारे विनोदी दिसतो. चित्र रुंद पडद्यावर ताणू नये. तिरक्या रेषांचा कोन बिघडतो. काळ्या-पांढऱ्या प्रतींत मूळचे रंगलेप (रात्रीला निळसर-हिरवा इत्यादी) गेलेले असतात, म्हणून २०१४ ची दुरुस्त प्रत घ्यावी. मूळ निगेटिव्हमध्ये पहिला अंक नसल्याने तो इतर प्रतींवरून घेतला आहे. तेवढाच भाग भरड दिसतो, तो प्रोजेक्टरचा दोष नव्हे.