जुन्या रेसिंग सायकलचा हेडसेट खोलण्याआधी

हँडल खडखडतंय, वळताना अडकतंय, ही तक्रार घेऊन आलेल्या बऱ्याच जुन्या सायकली आमच्याकडे येण्याआधी एकदा खोलून झालेल्या असतात. काम तिथेच वाढतं. म्हणून एकच विनंती: हेडसेटचा, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगच्या जोडणीचा, नट हाताने फिरत नसेल, तर पाना लावू नका.

नेहमीच्या इंग्लिश मापात फोर्कची, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याची, वरची नळी २५.४ मिमी आणि इंचाला २४ आटे. सत्तरच्या दशकातल्या प्यूजो पीएक्स-१० सारख्या फ्रेंच सायकलींची नळी २५ मिमी, आणि दर मिलिमीटरला एक आटा. इंग्लंडात नॉटिंगहॅमला बनलेल्या बऱ्याच रॅले सायकलींच्या नळीची जाडी इंग्लिशच, पण आटे २६. नुसत्या नजरेला फरक कळत नाही. रॅलेवर २४चा नट दोन-तीन आटे सहज चढतो आणि अडतो. गंज धरला असेल असं समजून तेल सोडलं जातं, पाना लागतो आणि आटे सोलून निघतात. फ्रेंच फोर्कवर तोच नट ढिला बसतो. घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि पुढचा ब्रेक दाबला की हलायला लागतो.

स्टेमचंही, म्हणजे फोर्कच्या नळीत उतरणाऱ्या हँडलच्या दांड्याचंही, तसंच. इंग्लिश २२.२ मिमी, फ्रेंच २२. एवढ्याशा फरकासाठी हातोडी चालवली की नळी फुगते.

“त्यावरच नवे आटे पाडून द्या,” असं अनेकजण सांगतात. आम्ही देत नाही. २५ मिमीच्या नळीवर २४चे आटे उथळ उतरतात, आणि फोर्क फ्रेममध्ये धरून ठेवण्याचं काम त्याच आट्यांचं असतं. योग्य नट मिळायला वेळ लागतो, तो कृपया द्या.

स्ट्राँगलाइट ए-९ हेडसेटमध्ये छर्रे नसतात, पिंजऱ्यात बसवलेल्या बारीक सुया असतात. त्यांच्या वर-खाली सुट्या, उतरत्या कडेच्या पोलादी चकत्या येतात. वायसर समजून त्या फेकल्या, तर बाकीचा हेडसेट कितीही चांगला असला तरी निरुपयोगी. लंडनच्या बेट्स या सायकल कंपनीचा डायड्रंट फोर्क दोनदा वळलेला दिसतो. तो अपघातात वाकलेला नाही, घडवलाच तसा आहे. कुणाला सरळ करू देऊ नका.

सायकल आणताना नट, बेअरिंगच्या वाट्या, वायसर, तुटलेले तुकडेसुद्धा एका डब्यात घालून आणा. व्हर्नियरने माप घेण्याचे आम्ही पैसे घेत नाही. फ्रेंच आणि रॅले मापाचे जुने, तपासून ठेवलेले नट आणि वाट्या आमच्याकडे असतात. फोर्क समोर असला की लगेच लावून पाहता येतात.