दोन सेकंदांची रेघ

गॅमा किरणांचे स्फोट, म्हणजे दूर अंतराळातून येणारी या किरणांची अल्पकाळाची तीव्र चमक, सापडले ते अणुबॉम्बवर पाळत ठेवताना. अंतराळात कुणी चोरून चाचणी करत नाही ना, हे पाहायला अमेरिकेने व्हेला उपग्रह सोडले होते. २ जुलै १९६७ रोजी त्यांनी टिपलेली चमक मात्र बॉम्बची नव्हती. हे जाहीर झाले १९७३ मध्ये.

त्यानंतरही दोन दशकांहून अधिक काळ हे स्फोट किती दूर होतात, हेच ठाऊक नव्हते. हाती होता तो मुख्यतः कालावधी. म्हणून १९९३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ क्रिसा कुव्हेलिओतू आणि सहकाऱ्यांनी कॉम्प्टन या अंतराळातल्या वेधशाळेच्या नोंदींवरून वर्गवारी केली, तीही वेळेवरच: साधारण दोन सेकंदांच्या आतले लघु, त्यावरचे दीर्घ. ही रेघ आकडेवारीतून आली होती. कारणे मागाहून सापडली. २९ मार्च २००३ च्या दीर्घ स्फोटामागे सुपरनोव्हा, म्हणजे ताऱ्याचा अखेरचा स्फोट, दिसला; महाकाय तारा कोसळला होता. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या (मृत ताऱ्यांच्या अतिघन गाभ्यांच्या) मीलनाच्या गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातले तरंग, आल्या आणि १.७ सेकंदांनी लघु स्फोट दिसला.

हिशेब जुळला म्हणावे, तर तो आधीच बिघडलेला होता. १४ जून २००६ चा स्फोट सुमारे १०२ सेकंद चालला. खगोलशास्त्राच्या मापाने तो जवळचाच. सुपरनोव्हा असता तर दिसायलाच हवा होता. कसून शोधूनही दिसला नाही. तेव्हा खगोलभौतिकशास्त्रज्ञ बिंग झांग यांनी सुचवले की घड्याळ बाजूला ठेवा आणि उगमावरून ‘प्रकार १’ (मीलन) व ‘प्रकार २’ (कोसळणारा तारा) म्हणा. माझ्या मते वळण इथेच होते, पण एका अपवादासाठी चौकट मोडायला फारसे कुणी तयार नव्हते.

मग उलटा अपवाद आला. ऑगस्ट २०२० मधला जेमतेम सेकंदभराचा स्फोट कोसळणाऱ्या ताऱ्याचा निघाला. ११ डिसेंबर २०२१ चा स्फोट सुमारे ५० सेकंदांचा, आणि त्यामागे किलोनोव्हा, म्हणजे मीलनानंतर उरणारी, लवकर मावळणारी चमक! मार्च २०२३ मधल्या दीर्घ स्फोटानंतर जेम्स वेब दुर्बिणीला टेल्युरियम या जड मूलद्रव्याची चिन्हे दिसली, तीही मीलनाकडेच बोट दाखवणारी. काही तास चालणाऱ्या अतिदीर्घ स्फोटांचा प्रश्न तर वेगळाच.

आता किरणांची ऊर्जा, कमी ऊर्जेच्या किरणांना होणारा उशीर, स्फोट झाला ती यजमान दीर्घिका आणि तिच्यातली त्याची जागा असे सगळे तपासतात. तरी कालावधी सुटत नाही. तो लगेच कळतो, आणि दुर्बीण कुठे वळवायची हे किलोनोव्हा मावळण्याआधी ठरवावे लागते.