खासगी वनमालकांसाठी विस्तार शिक्षण

वन मालकीचे आहे, पण वनशास्त्राचे शिक्षण नाही, अशा व्यक्तींना व कुटुंबांना निगा, तोड, लाकूडविक्री आणि वारसा यांविषयी समजून-उमजून निर्णय घेता यावेत म्हणून दिले जाणारे अनौपचारिक शिक्षण. फिनलंडमध्ये निम्म्याहून अधिक आणि अमेरिकेत एक तृतीयांशाहून अधिक वनक्षेत्र व्यक्तींच्या व कुटुंबांच्या हाती असल्याने तेथील वनांचे भवितव्य बऱ्याच अंशी या मालकांवरच अवलंबून आहे. अमेरिकेत १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने विद्यापीठांमार्फत कृषिविस्ताराची, म्हणजे शेतीविषयक ज्ञान लोकांपर्यंत पोहोचवण्याच्या कामाची, घडी बसवली. १९७८ च्या स्वतंत्र कायद्याने वनविस्ताराला केंद्रीय निधीची तरतूद झाली.

या शिक्षणाचा सर्वांत मोलाचा भाग प्रत्यक्ष झाडांमध्ये घडतो. ‘मोठी झाडे विका, बारीक वाढू द्या’ हा सल्ला मालकाला साहजिक वाटतो. परंतु एकाच वेळी उगवलेल्या वनात बारीक झाड बहुधा मोठ्याच्याच वयाचे, केवळ प्रकाशाच्या स्पर्धेत मागे पडलेले असते. खोडात पोकळ गिरमिट फिरवून लाकडाची बारीक कांडी बाहेर काढली, की तिच्यावरील वार्षिक वलये मोजून मालकाला हे स्वतः पडताळता येते. सालीजवळची वलये अगदी दाटीवाटीची दिसली, तर वाढ मंदावल्याचे कळते आणि विरळणीचा विचार सुरू होतो. उत्तम झाडे काढून निकृष्ट राखणारी तोड एकदा झाली, की तिची भरपाई व्हायला अनेक दशके लागतात; म्हणून हे ज्ञान विक्रीचा करार होण्यापूर्वी पोहोचणे अत्यावश्यक आहे.

अमेरिकेतील पाहण्यांत अनेक मालक निसर्गसौंदर्य, वन्यजीव व कौटुंबिक वारसा यांना लाकडाच्या उत्पन्नापेक्षा अधिक महत्त्व देताना आढळतात. केवळ उत्पादनवाढ सांगणारा कार्यक्रम त्यांना आपला वाटत नाही. पक्ष्यांच्या अधिवासापासून सुरुवात केली, तर तेच मालक विरळणीविषयीही आस्थेने विचारू लागतात. एका मालकाचे दुसरा मालक अधिक विश्वासाने ऐकतो. कॉर्नेल विद्यापीठाने १९९१ मध्ये न्यूयॉर्क राज्यात सुरू केलेल्या उपक्रमात प्रशिक्षित वनमालक इतरांच्या वनात विनामूल्य फेरी मारतात आणि तांत्रिक कामासाठी व्यावसायिक वनतज्ज्ञाकडे जाण्यास सुचवतात.

कार्यशाळांना मुख्यतः आधीपासून आस्था असलेलेच येतात, ही या कार्याची मोठी मर्यादा आहे. दूर शहरात राहणारे मालक आणि ज्यांच्याकडे जमीन लवकरच येणार आहे ते वारस बहुधा बाहेरच राहतात, त्यामुळे वाटणीच्या वेळी वनाचे तुकडे पडण्याचा धोका कायम राहतो.